मंडळाचं पान विकिपीडियावर असावं का? आधी कात्रणांची फाईल उघडा

सातारा जिल्ह्यात छंदाची मंडळं कमी नाहीत. कुणी दर रविवारी गड चढतं, कुणी कास पठारावरच्या फुलांच्या नोंदी ठेवतं, कुणी पहाटे उठून मायणीच्या तलावावर पक्षी बघायला जातं. आमचं मंडळ जुन्या विहिरी आणि वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, शोधतं. सकाळी सहाला पोवई नाक्यावर जमायचं, चहा घ्यायचा आणि निघायचं. कुठल्या तरी गावातून निरोप आलेला असतो, "आमच्या बांधावर एक दगड हाय, त्याच्यावर माणसं कोरल्यात, येऊन बघा." मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली तेव्हा बैठकीत विषय निघाला: आता आपलं विकिपीडियावर पान पाहिजे. मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं लिहितो, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कपाटातली कात्रणांची फाईल मागून घेतली आणि आठवडाभराने सांगतो म्हटलं. त्या आठवड्यात जे केलं तेच इथे क्रमाने सांगतो आहे. तुमचं मंडळ बुद्धिबळाचं असो, टपाल तिकिटांचं असो की आकाशदर्शनाचं, पद्धत हीच लागू पडते.

मंडळ चांगलं आहे का, हा प्रश्नच नाही

सुरुवातीला हे मनाशी पक्कं करा, नाहीतर पुढची प्रत्येक पायरी जिव्हारी लागते. मंडळाने किती झाडं लावली, किती मुलांना शिकवलं, किती वर्षं एकही रविवार चुकवला नाही, याचं मोल मोठं आहे. पण ज्ञानकोश ते मोल मापायला बसलेला नाही. तो एवढंच विचारतो: या मंडळाबद्दल, मंडळाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांनी, विश्वासार्ह ठिकाणी, पुरेसं सविस्तर लिहिलं आहे का?

असं का, ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पटकन समजावं. मराठी विश्वकोश वाईत घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, आणि पहिला खंड १९७६ साली आला. तिथे कोणती नोंद घ्यायची हे संपादक ठरवत आणि ती त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घेत. म्हणजे नोंदीमागे नाव असलेला, जबाबदार माणूस उभा असे. विकिपीडियावर तसा दारावर कुणी बसलेला नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तेव्हापासून तिथे कुणीही लिहू शकतं, टोपणनावानेही. मग वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा? वाक्याखाली दिलेल्या संदर्भावर. ज्या विषयावर असे संदर्भच नाहीत, त्याच्या पानावरचं एकही वाक्य कुणाला पडताळून बघता येत नाही. या कसोटीला विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' म्हणतात. शब्द जरा फसवा आहे. तो ऐकून माणसांना वाटतं, आपल्याला कमी लेखलं.

छंदाचं मंडळ म्हणून कुणी आडकाठी करत नाही, हेही सांगायला हवं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली सुरू झाली ती आठ हौशी माणसांनी मिळून. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासूनची, हौशी आकाशनिरीक्षकांचीच. त्यांच्याविषयी इतरांनी इतकं लिहून ठेवलं आहे की त्यावरून पान नीट उभं राहतं. फरक छंदात नाही, त्या लिहिलेल्या कागदांत आहे.

फाईल रिकामी करा आणि ढीग लावा

हे काम पडद्यावर करू नका. जमिनीवर सतरंजी टाका आणि सगळं पसरा: कात्रणं, स्मरणिका, प्रशस्तिपत्रं, नोंदणीचे कागद, फोटो. जोडीला इंटरनेटवर शोधा. मंडळाचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा, मराठीत आणि इंग्रजीतही, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकाने निम्म्या बातम्या निसटतात. आमच्या नावात 'संशोधन' आहे आणि ते चार प्रकारांनी छापलेलं सापडलं. जुन्या बातम्यांसाठी नगर वाचनालयात जाऊन बांधीव फायली मागा. संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे असा नियम नाही, छापील अंकही चालतो. फक्त वृत्तपत्राचं नाव, तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक हवा. आमच्या फाईलमधल्या निम्म्या कात्रणांवर तारीखच नव्हती. कुणीतरी कडेने व्यवस्थित कापून, तारखेची पट्टी टाकून दिली होती. त्या एका गोष्टीपायी माझ्या वाचनालयात तीन चकरा झाल्या.

आता ढीग लावा.

पहिला ढीग मंडळाने स्वतः काढलेल्या गोष्टींचा. स्मरणिका, संकेतस्थळ, फेसबुक पान, यूट्यूबवरच्या चित्रफिती, अध्यक्षांनी लिहिलेला लेख. हा बाजूला ठेवा. स्थापनेची तारीख किंवा सभासद संख्या अशा साध्या माहितीसाठी पुढे तो वापरता येईल, पण उल्लेखनीयतेच्या हिशेबात त्याची किंमत शून्य.

दुसरा ढीग सरकारी कागदांचा आणि शाबासकीचा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालचं प्रमाणपत्र, आमदारांचं अभिनंदनपत्र, ग्रामपंचायतीचा ठराव, कुठल्याशा विक्रमांच्या पुस्तकाचं प्रमाणपत्र. यावरच माणसं सगळ्यात जास्त अडून बसतात. "अहो, सरकारी शिक्का आहे की!" शिक्का मंडळ आहे एवढं सिद्ध करतो. शेतीच्या सातबाऱ्यालाही शिक्का असतो, म्हणून प्रत्येक शेताची ज्ञानकोशात नोंद होत नाही.

तिसरा ढीग वृत्तपत्रांचा. इथे वेळ घालवा, सगळं इथेच ठरतं.

आमच्याकडे बावीस कात्रणं होती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाच वाटलं, झालं की काम. मग एकेक वाचायला घेतलं. एका बातमीत मथळा, मग 'सातारा, प्रतिनिधी', मग मंडळाच्या व्याख्यानमालेचं उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, व्यासपीठावर कोण कोण होतं याची सहा ओळींची यादी, प्रमुख पाहुण्यांचं एक वाक्य, आणि शेवटी 'सूत्रसंचालन अमुक यांनी केले, आभार तमुक यांनी मानले.' ही बातमी कुणी लिहिली? आमच्याच सचिवांनी. वहीतल्या कागदावर लिहून ते स्वतः कार्यालयात देऊन आले होते. शेजारचं कात्रण दुसऱ्या वृत्तपत्राचं, मथळा वेगळा, पण आतला मजकूर 'मानले' पर्यंत शब्द न् शब्द तोच.

यातून दोन गोष्टी निघतात. एकाच पत्रकावरून पाच ठिकाणी छापून आलं तरी तो एकच स्रोत. आणि तो स्रोत मंडळ स्वतः, म्हणजे त्याची जागा पहिल्या ढिगात. मजकुरात 'पत्रकाद्वारे', 'प्रसिद्धीस दिलेल्या माहितीनुसार' असं दिसलं की थांबा. 'सभासद उपस्थित होते' या चालीने संपणाऱ्या बातम्यांवर शंका घ्या. वर्धापनदिनाच्या पुरवणीतला लेख असेल आणि त्याच पानावर मंडळाची किंवा अध्यक्षांच्या दुकानाची जाहिरात असेल, तर तो लेख जाहिरातीसोबत आलेला आहे असंच धरा. आपल्याकडे पैसे घेऊन छापलेल्या मजकुराची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि विकिपीडियाचे जुने संपादक भारतीय बातम्या वाचताना ती ध्यानात ठेवतात.

या चाळणीतून बावीसपैकी चौदा गेली. उरलेल्या आठांत पाच ठिकाणी आमचं नाव एका ओळीत होतं: 'या वेळी अमुक मंडळाचे कार्यकर्ते हजर होते', किंवा विहिरीच्या बातमीत 'स्थानिक अभ्यासकांच्या मते' आणि कंसात आमचं नाव. ओझरता उल्लेख हा सविस्तर मजकूर नव्हे. साधी कसोटी अशी: फक्त त्या कात्रणावरून मंडळाबद्दल पाच-सहा वाक्यं लिहिता येतात का? स्थापना कशी झाली, काम कसं चालतं, त्याने काय बदललं, कुणी काय आक्षेप घेतला? येत नसतील तर कात्रण बाजूला.

राहिली तीन. त्यातलं एक अध्यक्षांची मुलाखत. सरांनी, आम्ही त्यांना सरच म्हणतो, एवढं सुंदर सांगितलं आहे त्यात की वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मुलाखतीत बोलतो तो मंडळाचाच माणूस. बातमीदाराने स्वतः पाहून, विचारून, तपासून काही लिहिलं असेल तेवढाच भाग स्वतंत्र. इथे तो दोन ओळींचा होता.

दुसरी एका मोठ्या दैनिकातली अर्ध्या पानाची बातमी. बातमीदार आमच्याबरोबर दोन रविवार फिरला होता, गावकऱ्यांशी बोलला होता, आमची एक चूकही त्याने लिहिली होती: सतीशिळेला, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीच्या स्मृतिदगडाला, आम्ही घाईने वीरगळ म्हटलं होतं. हा खरा स्रोत. तिसरा एका जिल्हा दैनिकातला लेख, तोही स्वतंत्र आणि सविस्तर.

म्हणजे बावीसांतून दोन. एक तक्ता करा म्हणजे वाद होत नाहीत: प्रत्येक स्रोतापुढे चार रकाने, सविस्तर आहे का, स्वतंत्र आहे का, विश्वासार्ह आहे का, आणि घटनेच्या बाहेर राहून केलेलं विवेचन आहे का. चारही रकान्यांत हो आलं तरच तो मोजायचा. तीनवर हो आणि एकावर नाही, म्हणजे नाही. सगळ्यात भक्कम तीन स्रोत निवडून ते आधी बघा. त्या तिघांनी काम भागत नसेल, तर आणखी तीस लावूनही भागत नाही.

जिल्ह्याच्या पानावरची बातमी

आमच्या मोठ्या दैनिकातल्या त्या बातमीला एक खोच होती. दैनिक राज्यभर जातं, पण बातमी फक्त सातारा आवृत्तीत होती. पुण्यात, मुंबईत ती छापलीच गेली नाही. इंग्रजी विकिपीडियावर संस्था-मंडळांसाठीचा निकष व्यक्तींपेक्षा कडक आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलं आहे की नुसत्या स्थानिक माध्यमांनी घेतलेली दखल पुरत नाही, किमान एक स्रोत तरी प्रादेशिक, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरचा हवा. आवृत्तीतली बातमी मी प्रामाणिकपणे स्थानिकच धरतो. दैनिकाचं नाव मोठं म्हणून बातमी मोठी होत नाही.

प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो. मराठीवर लिहिणारे आणि तपासणारे दोन्ही थोडे, त्यामुळे एखादं कच्चं पान तिथे वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. "त्यांचं आहे मग आपलं का नको" हा युक्तिवाद बैठकीत हमखास येतो. शेजाऱ्याचं पान अजून कुणी तपासलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत पाने कमी आहेत म्हणून तर ती पक्की असायला हवीत असं मला मनापासून वाटतं. आपल्या भाषेतला ज्ञानकोश पत्रकांनी भरला तर शाळेतल्या पोराने विश्वास कशावर ठेवायचा?

आणखी एक समज काढून टाका. मंडळातला एखादा माणूस मोठा झाला म्हणून मंडळ आपोआप उल्लेखनीय होत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचं पान असणारच. पण ते ज्या ज्या आखाड्यात उतरले त्या प्रत्येक आखाड्याचं वेगळं पान व्हायला त्या आखाड्यावरच कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं. उल्लेखनीयता वारसाहक्काने मिळत नाही. उलट एकदा ती मिळाली की जातही नाही: १९७० च्या दशकात गाजलेलं आणि आज बंद पडलेलं मंडळ, तेव्हाचे स्रोत भक्कम असतील तर, आजही पानाला पात्र आहे. अशा बंद मंडळांकडे कुणी बघत नाही. बघायला हवं.

निकष पुरे होत असतील तर लिहायचं कुणी?

मंडळाच्या सचिवांनी नाही, अध्यक्षांच्या मुलीने नाही, मीही नाही. ज्याचा संबंध आहे त्याने आपल्याच संस्थेचं पान लिहू नये, अशी विकिपीडियाची रीत आहे. अगदी लिहायचंच असेल तर खातं स्वतःचं काढा, मंडळाच्या नावाने नको. सदस्य पानावर आपला संबंध उघड लिहा. कुणी पैसे देऊन लिहून घेत असेल तर ते जाहीर करणं हा वापराच्या अटींचाच भाग आहे. "पान करून देतो, हमखास टिकेल" असं म्हणून पैसे मागणारे फोन येतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका, पान टिकण्याची हमी कुणालाच देता येत नाही.

इंग्रजीवर थेट नवीन लेख करायला खातं किमान चार दिवसांचं आणि दहा संपादनं झालेलं लागतं. संबंधित माणसाने मसुदा करून तपासणीला द्यावा हे उत्तम. सहा महिने हात न लावलेला मसुदा काढून टाकला जातो, तेव्हा टाकून विसरू नका. मराठीवर आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर लिहून, चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर, जाणत्या सदस्यांना बघायला सांगा.

लिहिताना स्रोत समोर ठेवा आणि त्यात आहे तेवढंच लिहा. सहा ओळींचं पान चालतं. 'अल्पावधीत नावलौकिक मिळवला', 'मोलाचे योगदान', 'अखंड सेवेचा वसा' हे स्मरणिकेत शोभतं, इथे नाही. कार्यकारिणीची यादी नको. स्मरणिकेतला मजकूर जसाच्या तसा उचलू नका, तो मंडळाचा असला तरी, कारण इथे लिहिलेलं सगळं मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणीही पुन्हा वापरावं अशा परवानगीने, जातं आणि तसा परवाना मंडळाने रीतसर दिलेला नसतो. फोटो ज्याने काढला त्यानेच कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सोबतच्या मुक्त छायाचित्रांच्या साठ्यावर, चढवावा.

आणि पान झालं की ते तुमचं राहत नाही, हे बैठकीत आधीच सांगून ठेवा. मंडळात फूट पडली, हिशेबावरून बातम्या आल्या, तर उद्या कुणी त्याही संदर्भासह पानावर लिहील आणि ते काढायचा हक्क तुम्हाला नसेल. निकषात न बसणारं पान रेटलं तर इंग्रजीवर ते तडकाफडकी उडू शकतं, नाहीतर साधारण सात दिवस त्यावर उघड चर्चा चालते. त्या चर्चेत अनोळखी माणसं मंडळाच्या नावापुढे 'उल्लेखनीय नाही' असं लिहितात आणि ती चर्चा कायम वाचायला राहते. पंचवीस वर्षं राबलेल्या माणसांच्या वाट्याला ते यावं असं मला वाटत नाही.

निकष पुरे होत नसतील तेव्हा

मी बैठकीत तक्ता ठेवला आणि सांगितलं: आज नाही. खोलीत शांतता झाली. सर तक्ता बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बरं, मंडळाचं राहू दे. आपण बघितलेल्या विहिरींचं काय?"

खरं काम तिथून सुरू झालं. लिंबजवळची बारा मोटेची विहीर वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात बांधली, तिथे तसा शिलालेख आहे, तिच्यावर भरपूर लिहिलेलं आहे. पण जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या पानांवर गावाचं नाव, तालुका आणि पिनकोड यापलीकडे काही नाही. आमच्याकडे हजारो फोटो पडून होते. ते कॉमन्सवर चढवायला मंडळ उल्लेखनीय असावं लागत नाही, फोटो स्वतः काढलेला आणि माहिती देणारा असला की झालं. दर सप्टेंबरला 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' ही वारसास्थळांच्या छायाचित्रांची स्पर्धा असते, तेव्हा नवीन मुलांना उत्साहही येतो. फाईलला नाव देताना 'आयएमजी ४३२१' ठेवू नका. गाव, तालुका, काय आहे, कोणत्या बाजूने, कोणत्या वर्षी, असं लिहा. वीरगळ उन्हाच्या तिरप्या उजेडात घ्या, सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर, नाहीतर कोरीव काम दिसतच नाही. फोटो घ्यायच्या आधी दगडावर तेल, पीठ, खडू काही लावू नका.

एक मर्यादा मात्र पाळा. आम्ही शोधलेला, कुठेच न छापलेला वीरगळ थेट विकिपीडियावर मांडता येत नाही, तिथे स्वतःचं अप्रकाशित संशोधन चालत नाही. अशी नोंद आधी एखाद्या संशोधनपत्रिकेकडे पाठवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं आहे, त्यांचं त्रैमासिक आहे. संपादकांनी तपासून छापलं की त्यावरून कुणीही गावाच्या पानावर ओळ लिहू शकतो. त्या छापील लेखात मंडळाचं नाव येतं, आणि पुढे कधी कुणी अभ्यासक मंडळाच्याच कामावर लिहायला बसला तर त्याला धरायला काहीतरी मिळतं. मंडळाच्या उल्लेखनीयतेचा रस्ता असलाच तर तो या बाजूने जातो, पत्रकांच्या बाजूने नाही.

स्मरणिका काढलीत तर तिच्या दोन प्रती नगर वाचनालयात आणि एक तालुक्याच्या वाचनालयात द्या. पानांना क्रमांक घाला. आमच्या दहाव्या वर्षाच्या स्मरणिकेला पान क्रमांकच नाहीत, संदर्भ देताना अजून जीव जातो.

आणि कात्रणांची फाईल चालू ठेवा, दर दोन वर्षांनी तक्ता पुन्हा भरा. आमच्याकडे ते काम आता बारावीतल्या एका मुलीकडे आहे. परवा ती नवीन कात्रण घेऊन आली, वृत्तपत्राचं नाव, तारीख, आवृत्ती, पान, सगळं मागे पेन्सिलीने लिहून. सरांनी ते उलटं करून वाचलं आणि मगच पुढची बाजू बघितली.